मांजराचे नखविच्छेदन

मांजराचे नखविच्छेदन (डिक्लॉइंग, वैद्यकीय संज्ञा : ओनिकेक्टमी) म्हणजे पाळीव मांजराची नखे पुन्हा उगवू नयेत यासाठी त्याच्या प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड नखासह कापून काढण्याची शस्त्रक्रिया होय. ही शस्त्रक्रिया बहुधा पुढच्या दोन पायांवर व क्वचित चारही पायांवर केली जाते. घरातील सामान ओरबाडले जाऊ नये किंवा माणसांना ओरखडे येऊ नयेत, हा तिचा हेतू असतो. मांजराला तिचा स्वतःचा कोणताही वैद्यकीय लाभ होत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून ही पद्धत मुख्यतः अमेरिका व कॅनडा या देशांत रूढ झाली. युरोपातील बहुतेक देश, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, ब्राझील व इस्रायल येथे तिच्यावर बंदी आहे किंवा ती केवळ वैद्यकीय कारणासाठीच करता येते. भारतात ही शस्त्रक्रिया रूढ नाही. मात्र शहरांतील सदनिकांमध्ये मांजर पाळण्याचे प्रमाण वाढल्यापासून आणि परदेशातील नातेवाइकांकडून अशा उपायांची माहिती मिळू लागल्यापासून तिच्याविषयी विचारणा होताना दिसते. घरातील एखाद्या सदस्याचा असा आग्रह असेल, तर त्याचे मन वळवण्यासाठी या शस्त्रक्रियेचे नेमके स्वरूप, तिचे परिणाम, कायदेशीर स्थिती व उपलब्ध पर्याय यांची माहिती आवश्यक ठरते.

संज्ञा व गैरसमज

मराठीत 'नखे काढणे' हा वाक्प्रयोग सामान्यतः नखे कापणे याच अर्थाने वापरला जातो. लहान मुलाची नखे काढली, असे म्हटले असता नखाचा वाढलेला भाग कापला, एवढाच बोध होतो. त्यामुळे 'मांजराची नखे काढून टाकणे' हे शब्द ऐकणाऱ्यास ही एक किरकोळ, वेदनारहित क्रिया वाटू शकते. प्रत्यक्षात नखे कापणे आणि नखविच्छेदन या दोन पूर्णतः भिन्न क्रिया आहेत. पहिलीत निर्जीव केरॅटिनचे टोक कापले जाते व ते पुन्हा वाढते. दुसरीत हाड, सांधा, कंडरा, रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांचा छेद होतो व तो कायमचा असतो.

माणसाच्या हाताशी तुलना करावयाची झाल्यास, प्रत्येक बोटाचे टोकाकडचे पेर कापून टाकण्याशी ही शस्त्रक्रिया शरीररचनेच्या दृष्टीने समतुल्य आहे. माणसाचे नख बोटाच्या त्वचेवर बसलेले असते. मांजराचे नख मात्र थेट शेवटच्या हाडातून वाढते. म्हणूनच हाड शिल्लक ठेवून केवळ नख कायमचे काढता येत नाही.

नखांची रचना व कार्य

मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच व मागच्या प्रत्येक पायाला चार, अशी एकूण १८ नखे असतात. पुढच्या पायाचे पाचवे नख अंगठ्यासारखे आतल्या बाजूस असून ते जमिनीला टेकत नाही. प्रत्येक बोटाच्या शेवटच्या हाडाभोवती नखाचे केरॅटिनयुक्त आवरण असते. त्याच्या आतील गुलाबी भागात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. टोकाचा पारदर्शक भाग मात्र निर्जीव असतो.

विश्रांतीच्या अवस्थेत लवचिक अस्थिबंधांमुळे नख आत ओढलेले राहते. मांजराने बोटाची खोल आकुंचक कंडरा ताणली की नख बाहेर येते. त्यामुळे चालताना नखे झिजत नाहीत व त्यांची धार टिकते. मांजर तळपायावर न चालता बोटांवर चालते. साहजिकच शेवटचे हाड हा केवळ नखाचा आधार नसून शरीराचा भार पेलणाऱ्या यंत्रणेचा भाग असतो.

नखांचा उपयोग चढणे, उडी मारताना पकड घेणे, भक्ष्य धरणे व स्वसंरक्षण यांसाठी होतो. सोफा, दार किंवा गादी ओरबाडणे हा मांजराचा खोडसाळपणा नसून स्वाभाविक व आवश्यक वर्तन असते. त्यामागे तीन मुख्य प्रयोजने आहेत :

१. नखावरील जुने, झिजलेले आवरण गळून खालचे नवे टोक मोकळे होते.
२. पाठ, खांदे व पुढच्या पायांचे स्नायू ताणले जातात. झोपेतून उठल्यावर मांजर हमखास ओरबाडते, ते यामुळेच.
३. पंजातील गंधग्रंथींचा वास व ओरखड्यांच्या दृश्य खुणा यांद्वारे मांजर आपल्या वावराच्या जागेवर खूण करते.

हे वर्तन उपजत असल्याने नखे काढलेले मांजरही ओरबाडण्याची हालचाल करतच राहते.

उगम व प्रसार

धान्याचे उंदरांपासून रक्षण करणारा प्राणी म्हणून मांजर हजारो वर्षे माणसाच्या सान्निध्यात राहिले. या काळात ते घरात व घराबाहेर मुक्तपणे वावरत असे आणि झाडाचे खोड, कुंपण वा लाकडी खांब यांवर नखे घासत असे. १९४७ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लोव याने मांजरांच्या शौचासाठी शोषक मातीची विक्री सुरू केली आणि त्यानंतर मांजर पूर्णवेळ घरात ठेवणे सोयीचे झाले. घरातच राहणाऱ्या मांजराच्या नखांचा सामानाशी संबंध वाढला. विसाव्या शतकाच्या मध्यास नखविच्छेदन हा त्यावरील झटपट उपाय म्हणून अमेरिकेत पुढे आला. पुढील काही दशके तेथे अनेक ठिकाणी निर्बीजीकरणाबरोबरच ही शस्त्रक्रिया करण्याचा प्रघात होता.

शस्त्रक्रियेच्या पद्धती

नखविच्छेदन संपूर्ण भूल देऊन केले जाते. त्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

कर्तक पद्धत : नखे कापण्याच्या गिलोटिनसारख्या साधनाने शेवटचे हाड छेदले जाते. या पद्धतीत हाडाचा तुकडा मागे राहण्याचा संभव अधिक असतो.

शल्य पद्धत : धारदार पात्याने सांध्यातून शेवटचे हाड अलग केले जाते.

लेसर पद्धत : पात्याऐवजी लेसरने छेद घेतला जातो. रक्तस्राव कमी होत असला, तरी हाड काढून टाकले जातेच. त्यामुळे ही पद्धत 'सौम्य' आहे, हा समज केवळ पहिल्या काही दिवसांपुरता खरा ठरू शकतो.

याखेरीज कंडराछेदन (टेंडोनेक्टमी) नावाची एक शस्त्रक्रिया आहे. तीत हाड न काढता खोल आकुंचक कंडरेचा तुकडा कापला जातो व मांजर नखे बाहेर काढू शकत नाही. नखांची वाढ मात्र सुरूच राहते. न झिजलेली नखे जाड होऊन तळव्याच्या गादीत रुतू शकतात, म्हणून त्यांना आयुष्यभर नियमित कापावे लागते. हा नखविच्छेदनाचा सुरक्षित पर्याय मानला जात नाही.

परिणाम

तात्कालिक परिणाम

वेदना, रक्तस्राव, जखमेत जंतुसंसर्ग व लंगडणे हे शस्त्रक्रियेनंतरचे ज्ञात परिणाम होत. मांजर वेदना लपवणारा प्राणी आहे. ते निमूट बसून राहिले, म्हणजे त्याला दुखत नाही, असा अर्थ होत नाही. जखमा भरेपर्यंत लिटर बॉक्समधील नेहमीची माती पंजांना टोचते. त्यामुळे मांजर त्या जागेचा संबंध वेदनेशी जोडते व पुढे तेथे जाण्याचे टाळू लागते.

दीर्घकालीन परिणाम

शेवटचे हाड नाहीसे झाल्याने शरीराचा भार मागे सरकतो, चाल बदलते व पाठीच्या स्नायूंवर ताण येतो. हाडाचा तुकडा मागे राहिल्यास त्यातून विकृत नख पुन्हा वाढू शकते, गळू होऊ शकते व प्रत्येक पाऊल टाकताना वेदना होऊ शकतात.

'जर्नल ऑफ फीलाइन मेडिसिन अँड सर्जरी' या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नखे काढलेल्या १३७ व नखे शाबूत असलेल्या १३७ मांजरांची तुलना करण्यात आली. नखे काढलेल्या मांजरांपैकी ६३ टक्के मांजरांच्या पंजांत क्ष-किरण तपासणीत हाडाचे तुकडे आढळले. या गटात पाठदुखीची शक्यता सुमारे तिप्पट, लिटर बॉक्सबाहेर मलमूत्रविसर्जन करण्याची सुमारे सातपट, चावण्याची चौपटीहून अधिक व स्वतःचे केस अतिरेकी चाटून काढण्याची सुमारे तिप्पट होती. ज्या मांजरांचे हाड पूर्णपणे काढले गेले होते, त्यांच्यातही चावणे व अस्थानी मलमूत्रविसर्जन यांचे प्रमाण वाढलेलेच आढळले. शस्त्रक्रिया कुशलतेने केल्यास परिणाम कमी होतात, पण टळत नाहीत, असा याचा अर्थ होतो.

या निष्कर्षाला व्यावहारिक महत्त्व आहे. फर्निचर वाचवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेमुळे घरात अन्यत्र लघवीचा प्रश्न उद्भवू शकतो. ओरखडे टाळण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेमुळे चावण्याचे प्रमाण वाढू शकते.

वैद्यकीय कारणासाठी केलेले विच्छेदन

नखाच्या मुळाशी झालेली कर्करोगाची गाठ, बरा न होणारा जंतुसंसर्ग किंवा गंभीर इजा अशा कारणांसाठी एखाद्या बोटाचे शेवटचे हाड काढणे आवश्यक ठरू शकते. ही शस्त्रक्रिया मांजराच्या हितासाठी व केवळ बाधित बोटापुरती असते. नखविच्छेदनावरील बंदीच्या कायद्यांतून तिला सर्वत्र वगळलेले आहे.

समर्थनार्थ मांडली जाणारी कारणे व त्यांचे परीक्षण

घरात लहान मूल आहे

बाळाच्या डोळ्याला किंवा चेहऱ्याला इजा होईल, ही भीती स्वाभाविक आहे. तथापि मांजराचे पहिले शस्त्र नख असते; ते नसल्यास त्याच्याकडे दात उरतात. मांजराचे दात बारीक व टोकदार असल्याने चाव्याची जखम अरुंद व खोल असते आणि तोंडातील पाश्चुरेला मल्टोसिडासारखे जीवाणू तीत खोलवर जातात. त्यामुळे मांजराचा चावा सामान्यतः ओरखड्यापेक्षा अधिक गंभीर मानला जातो. बाळ व मांजर यांना एकत्र एकटे न सोडणे, मांजराला चढून बसण्यासाठी उंच जागा देणे व नखांची टोके कापलेली ठेवणे हे उपाय अधिक परिणामकारक आहेत.

रेबीजची भीती

भारतात हे कारण विशेष महत्त्वाचे आहे, कारण येथे रेबीज हा प्राणघातक रोग अद्याप आढळतो. रेबीजचा विषाणू बाधित प्राण्याच्या लाळेतून पसरतो व तो मुख्यतः चाव्यावाटे शरीरात शिरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार रक्त न आलेला ओरखडा दुसऱ्या व रक्त आलेला ओरखडा वा चावा तिसऱ्या श्रेणीत मोडतो. मांजराची नखे काढल्याने हा धोका दूर होत नाही. तो मांजराच्या नियमित रेबीज लसीकरणाने दूर होतो. ओरखडा वा चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुणे आणि विनाविलंब डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते. मांजर घरचे आहे, एवढ्या कारणावरून उपचार टाळणे धोकादायक ठरू शकते.

घरात आजारी वा वृद्ध व्यक्ती आहे

मधुमेह असलेल्या, रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्या किंवा रोगप्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्तींना ओरखड्याचा त्रास अधिक होऊ शकतो. बार्टोनेला हेन्सेली या जीवाणूमुळे होणारा 'कॅट स्क्रॅच' आजार मांजरांमध्ये पिसवांमार्फत पसरतो. म्हणून पिसवांचे नियंत्रण हा त्यावरील मूलभूत उपाय होय. एचआयव्हीबाधित व्यक्तींसाठीच्या अमेरिकेतील वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्येदेखील मांजराच्या नखविच्छेदनाची शिफारस केलेली नाही. धसमुसळा खेळ टाळावा, ओरखडे त्वरित धुवावेत व पिसवांचे नियंत्रण करावे, असा सल्ला त्यांत दिलेला आहे. गर्भवती स्त्रियांबाबत चिंता निर्माण करणारा टोक्सोप्लाझ्मोसिस हा रोग ओरखड्यातून पसरत नाही. तो बाधित मांजराच्या विष्ठेतून, दूषित मातीतून व कच्च्या मांसातून पसरतो.

नखे न काढल्यास मांजर सोडून द्यावे लागेल

हा युक्तिवाद सर्वांत प्रभावी ठरतो, कारण त्यात शस्त्रक्रिया हाच मांजराचे घर वाचवण्याचा मार्ग म्हणून मांडलेली असते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१८ मध्ये बंदी आल्यानंतरच्या स्थितीचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सामानाची नासधूस करतात म्हणून निवारागृहात सोडल्या जाणाऱ्या मांजरांच्या संख्येत बंदीनंतर वाढ झाल्याचे त्यात आढळले नाही. उलट लिटर बॉक्स टाळणे व चावणे हे शस्त्रक्रियेनंतर उद्भवू शकणारे वर्तनदोषच मांजर घराबाहेर काढले जाण्यास कारणीभूत ठरू शकतात. ज्याची नखे काढली आहेत, असे मांजर बाहेर सोडल्यास त्याला झाडावर चढून कुत्र्यांपासून बचाव करणे वा शिकार करून पोट भरणे कठीण जाते.

भारतातील कायदेशीर स्थिती

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० यात नखविच्छेदनाचा नावाने उल्लेख नाही. तथापि त्याची पुढील कलमे या संदर्भात महत्त्वाची आहेत.

कलम ३ : ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, अशा व्यक्तीने त्याच्या कल्याणासाठी व त्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत यासाठी सर्व वाजवी उपाय योजणे, हे तिचे कर्तव्य आहे.

कलम ११ (१) : प्राण्याचे अंग विच्छिन्न करणे हा या कलमाखाली अपराध आहे. प्राण्याला वेदना भोगाव्या लागतील अशा परिस्थितीत वाजवी कारणाशिवाय सोडून देणे, हादेखील याच कलमाखालील अपराध होय.

कलम ११ (३) : विहित रीतीने केलेले गुरांचे शिंग काढणे, प्राण्यांचे खच्चीकरण, डाग देणे व वेसण घालणे यांना अपवाद म्हणून सूट दिलेली आहे. मांजराची नखे काढणे या अपवादांमध्ये समाविष्ट नाही.

या अधिनियमाखालील पहिल्या अपराधाचा दंड १० ते ५० रुपये इतका अल्प आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा अपराध केल्यास २५ ते १०० रुपये दंड वा तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही शिक्षा वाढवण्याची तरतूद असलेला दुरुस्ती विधेयकाचा मसुदा केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. याशिवाय १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार, आगळीक करून प्राण्याला ठार मारणे किंवा त्याचे अवयव निकामी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास वा दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी 'अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडिया विरुद्ध ए. नागराजा' या खटल्याच्या निकालात प्राण्यांच्या पाच मूलभूत स्वातंत्र्यांचा उल्लेख केला. वेदना, इजा व रोग यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तन करण्याचे स्वातंत्र्य यांचा त्यांत समावेश आहे. त्या निकालाचा विषय जलिकट्टू व बैलगाडा शर्यती हा होता. शर्यतींबाबतची स्थिती पुढे राज्यांनी केलेल्या कायदेदुरुस्त्यांमुळे बदलली व २०२३ मध्ये न्यायालयाने त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. संविधानाच्या अनुच्छेद ५१क मध्ये सजीव सृष्टीविषयी दयाभाव बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद आहे.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांनाच आहे. नोंदणी नसलेल्या व्यक्तीकडून अशी शस्त्रक्रिया करवून घेणे त्यामुळे दुहेरी बेकायदेशीर ठरू शकते.

इतर देशांतील स्थिती

युरोपीय परिषदेच्या पाळीव प्राणी संरक्षण करारात (१९८७) वैद्यकीय कारणाव्यतिरिक्त नखविच्छेदन, शेपूट कापणे, कान कापणे व स्वररज्जू काढणे यांना मनाई आहे. ब्रिटनमध्ये २००६ च्या प्राणिकल्याण अधिनियमानुसार अशी अंगविच्छेदने अपराध ठरतात. इस्रायलच्या संसदेने २०११ मध्ये बंदीचा कायदा संमत केला.

अमेरिकेत वेस्ट हॉलिवूड या शहराने २००३ मध्ये प्रथम बंदी घातली. न्यू यॉर्क हे २०१९ मध्ये बंदी घालणारे पहिले राज्य ठरले. त्यानंतर मेरिलँड (२०२२), व्हर्जिनिया (२०२४) व मॅसॅच्युसेट्स (२०२५) आदी राज्यांनी तसे कायदे केले. कॅलिफोर्नियात भाडेकरूला घर देताना मांजराची नखे काढण्याची अट घालण्यास घरमालकांना २०१३ पासून मनाई आहे. कॅनडात नोव्हा स्कोशिया या प्रांतापासून सुरुवात होऊन बहुतेक प्रांतांत ही शस्त्रक्रिया बंद झाली. अमेरिकेतील सर्वच राज्यांत मात्र बंदी नाही. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या अनुभवातून 'तिकडे सगळेच करतात' असा समज येथील नातेवाइकांपर्यंत पोहोचत असेल, तर तो आज वस्तुस्थितीला धरून नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मांजर हे प्रामुख्याने कणगीतील व पोत्यांतील धान्याचे राखणदार म्हणून पाळले जात असे. ते माजघरात, माळ्यावर, गोठ्यात व अंगणात मुक्तपणे फिरत असल्याने त्याच्या नखांचा प्रश्न क्वचितच उद्भवत असे. 'वाघाची मावशी' या मराठी संबोधनातही तिचे नखधारी रूप गृहीत आहे.

शहरांच्या वाढीबरोबर हे चित्र पालटले. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराचे मनमाड रस्त्यालगत विस्तारलेले सावेडी हे उपनगर अशा बदलाचे उदाहरण म्हणून पाहता येते. या शहरात २००३ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. सावेडीसारख्या भागात बंगल्यांच्या वसाहतींबरोबर सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यावरील सदनिकेत राहणाऱ्या मांजराला झाडाचे खोड वा गोठ्याचा खांब उपलब्ध नसतो. त्याच्या आवाक्यात सोफा, पडदे व गादी एवढेच असते. प्रश्न नखांचा नसून ती घासण्यासाठी योग्य जागा नसण्याचा असतो.

महाराष्ट्रात कंटाळलेल्या कुटुंबाकडून मांजराच्या वाट्याला शस्त्रक्रियेपेक्षा येण्याची शक्यता अधिक असलेला पर्याय म्हणजे त्याला पोत्यात घालून दूर सोडून येणे हा होय. घरात वाढलेल्या मांजराच्या दृष्टीने हा पर्यायही घातक असून, वर नमूद केल्याप्रमाणे तो अपराधही ठरू शकतो. नखविच्छेदनास विरोध करताना त्याची जागा या दुसऱ्या पर्यायाने घेतली जाणार नाही, याकडे लक्ष देणे आवश्यक असते.

पर्यायी उपाय

नखे कापणे : दोन ते तीन आठवड्यांतून एकदा नखाचे केवळ पारदर्शक टोक कापावे. पंजा हलकेच दाबल्यास नख बाहेर येते. आतील गुलाबी भाग कापला गेल्यास वेदना व रक्तस्राव होतो. अशा वेळी कापसाने दाब द्यावा किंवा थोडे कॉर्नफ्लोअर लावावे. मांजर झोपाळलेले असताना, एका बैठकीत एक-दोन नखे कापून सवय लावल्यास विरोध कमी होतो. वयस्क मांजराची नखे जाड होऊन तळव्यात रुतू शकतात, म्हणून त्याच्या पाचव्या नखाकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

नखे घासण्याचा खांब : खांब मांजराला पूर्ण ताणून उभे राहता येईल इतका, म्हणजे साधारणतः ८० ते ९० सेंटिमीटर उंच व न हलणारा असावा. लाकडी खांबाला काथ्याची किंवा घायपाताची दोरी घट्ट गुंडाळून, अथवा फळीवर गोणपाट ठोकून तो अल्प खर्चात घरीच तयार करता येतो. काही मांजरांना आडवे पुठ्ठे वा पायपुसणे पसंत पडते. खांब कोपऱ्यात न ठेवता ओरबाडल्या जाणाऱ्या वस्तूशेजारी व मांजराच्या झोपण्याच्या जागेजवळ ठेवावा.

सामानाचे रक्षण : सोफ्याच्या कोपऱ्यांवर गुळगुळीत प्लास्टिक, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी किंवा घट्ट विणीचे जाड आच्छादन लावल्यास मांजर ती जागा टाळते. मात्र शेजारी खांब उपलब्ध नसल्यास ते दुसरी वस्तू निवडते.

नखटोपणे : नखांवर चिकटवण्याची मऊ प्लास्टिकची टोपणे मिळतात. ती साधारणतः चार ते सहा आठवडे टिकतात व नखाच्या वाढीबरोबर गळून पडतात.

वर्तनविषयक उपाय : हाताच्या बोटांशी खेळण्याची सवय पिलाला लावू नये; दोरीला बांधलेले पीस वा चेंडू वापरावा. खांबाचा वापर केल्यावर लगेच खाऊ द्यावा. मारणे वा ओरडणे यांमुळे भीती व आक्रमकता वाढते. निर्बीजीकरणामुळे विशेषतः बोक्यांमधील भांडणे व मूत्राने खूण करण्याचे प्रमाण घटते. खोकली या महाराष्ट्रात सर्वत्र उगवणाऱ्या तणाच्या मुळांकडे मांजरे आकृष्ट होतात. अशी मुळे खांबाजवळ ठेवल्यास काही मांजरांचे लक्ष तिकडे वळू शकते.

कुटुंबातील मतभेद व मनवळवणी

नखविच्छेदनाचा आग्रह धरणारी व्यक्ती क्रूर असतेच, असे नाही. नातवंडाच्या काळजीने आजी, नव्या सामानाच्या चिंतेने घरातील कर्ती व्यक्ती किंवा स्वतःच्या आजारपणामुळे सासरे असा विचार मांडू शकतात. अनेकदा त्यांना शस्त्रक्रियेचे खरे स्वरूप ठाऊक नसते. थोरांशी वाद घालण्याचा संकोच असलेल्या एकत्र कुटुंबात हा विषय पुढील क्रमाने मांडणे उपयुक्त ठरते.

प्रथम अर्थ स्पष्ट करणे : संबंधित व्यक्तीला नखे कापणे अभिप्रेत आहे की कायमची काढणे, हे विचारून घ्यावे. 'नखे काढणे' या शब्दांतील संदिग्धतेमुळे निर्माण झालेला मतभेद येथेच मिटू शकतो.

मूळ चिंता मान्य करणे : बाळाला ओरखडा आला असल्यास किंवा वृद्धाच्या हातातून रक्त आले असल्यास तो प्रसंग क्षुल्लक ठरवू नये. चिंता रास्त आहे. प्रश्न केवळ उपायाचा आहे, अशी मांडणी केल्यास ऐकून घेतले जाण्याची शक्यता वाढते.

शस्त्रक्रियेचे वर्णन सौम्य शब्दांत पण स्पष्टपणे करणे : बोटांची शेवटची पेरे कापण्याची तुलना बहुतेकांना तत्काळ उमगते. पंजाची आकृती किंवा क्ष-किरण चित्र दाखवल्यास अधिक उपयोग होतो.

ज्या हेतूने आग्रह आहे, तोच हेतू विफल होतो हे दाखवणे : चावण्याचे व अस्थानी मलमूत्राचे वाढते प्रमाण हा मुद्दा भूतदयेच्या आवाहनापेक्षा अधिक परिणामकारक ठरू शकतो.

जबाबदारी स्वीकारणे : नखे कोण व कोणत्या दिवशी कापणार, खांब कधी आणणार, लसीकरणाची नोंद कोण ठेवणार हे आग्रह करणाऱ्या व्यक्तीसमोर ठरवावे. महिना-दोन महिन्यांची मुदत मागून त्या काळात फरक दाखवून देणे हे नुसत्या नकारापेक्षा श्रेयस्कर असते.

तज्ज्ञाचा शब्द : घरातील तरुणाचे म्हणणे न मानणारी वडीलधारी व्यक्ती पशुवैद्यकाचे म्हणणे मानू शकते. त्यामुळे तिलाच बरोबर नेऊन प्रश्न विचारू देणे योग्य ठरते. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यांमध्ये असा सल्ला घेता येतो. ओरबाडणे अचानक वाढले असल्यास त्यामागे वेदना, त्वचारोग किंवा घरातील बदलाचा ताण हे कारण असू शकते व त्याचे निदानही त्याच वेळी होऊ शकते.

कायद्याचा उल्लेख शेवटी करणे : सुरुवातीसच शिक्षेचा धाक घातल्यास नात्यात कटुता येते व मांजर गुपचूप सोडून दिले जाण्याचा धोका वाढतो. सर्व प्रयत्नांनंतरही घरात मांजर ठेवणे अशक्य ठरल्यास, त्याला नखांसह स्वीकारणारे दुसरे घर शोधून लसीकरणाच्या नोंदीसह सोपवणे हा शस्त्रक्रिया व त्याग या दोहोंपेक्षा योग्य मार्ग होय.